मुलीचे नाव, आईचे नाव आणि इंग्रजी स्पेलिंग: महापालिकेच्या जन्मनोंदणी कक्षाचे परीक्षण

आमच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर नाव नोंदवून घेण्याच्या निमित्ताने महापालिकेच्या विभागीय कार्यालयातील जन्म-मृत्यू नोंदणी कक्षाशी आमचा संबंध आला. ती सेवा कशी आहे, तिच्यात काय उत्तम आहे आणि काय सुधारायला हवे, हे नव्या आई-वडिलांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे. हॉटेलांची आणि मोबाइलची परीक्षणे भरपूर वाचायला मिळतात. ज्या कक्षातून मिळणारा एक कागद मुलीला जन्मभर लागणार आहे, त्याविषयी मात्र बहुतेक कुटुंबे प्रसूतिगृहातल्या शेजारच्या खाटेवरून ऐकलेल्या माहितीवर विसंबतात, आणि नाव ठरवण्यात महिनोन्महिने घालवूनही ते नोंदवण्याच्या कामाला पाच मिनिटे देतात.

या कागदाचे वजन अलीकडे फार वाढले आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा आहे. त्यात २०२३ मध्ये केलेली दुरुस्ती त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून अमलात आली. त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकासाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट आणि आधार या साऱ्यांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळ सिद्ध करणारा कागद म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. पूर्वी दाखल्यात गडबड असली तर शाळा सोडल्याचा दाखला पुढे करून वेळ मारून नेता येत असे; आमच्या मुलींच्या पिढीला ती सोय नाही. त्यामुळे दाखल्यावरचे एखादे अक्षर चुकले तर ती चूक पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जाते.

या सेवेतली सर्वांत चांगली गोष्ट नियमांतच आहे, आणि नेमकी तीच लोकांना माहीत नसते. जन्माची नोंद आणि नावाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर ती देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. नाव मात्र त्याच वेळी दिले पाहिजे असे मुळीच नाही. अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे नावाविना नोंद होऊ शकते आणि पालकांनी नंतर निबंधकाकडे तोंडी किंवा लेखी नाव कळवायचे असते. जन्म नोंदल्यापासून १२ महिन्यांपर्यंत हे काम विनाशुल्क होते. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. म्हणजे नाव, त्याचे लेखन, त्याचे स्पेलिंग आणि मधल्या नावाचा क्रम या सगळ्यांचा शांतपणे विचार करायला कायद्याने वर्षभराची मुभा दिलेली आहे. बारसे आपल्याकडे बहुधा बाराव्या दिवशी होते, रुग्णालयाची मुदत एकविसाव्या दिवशी संपते, आणि या दोहोंच्या मधल्या आठवड्यात प्रसूतिगृहातून फोन येतो की, फॉर्म पाठवायचा आहे, नाव काय टाकू. बहुतेक घरी त्या फोनवरच नाव सांगितले जाते, ऐकणारी व्यक्ती कानाला जसे वाटेल तसे लिहून घेते, आणि तेच पुढे नोंदवहीत उतरते. माझा आग्रहाचा सल्ला आहे की, या फोनला ‘नाव आम्ही नंतर कक्षात देऊ’ एवढेच उत्तर द्यावे. आम्ही तसेच केले आणि त्याचा पुरेपूर फायदा झाला.

मुलीचे नाव आम्ही मृण्मयी ठेवले. तिचा जन्म मघा नक्षत्रावरचा, आणि मघाची चरणाक्षरे मा, मी, मू, मे. सासूबाईंना मकाराने सुरू होणारे नाव हवे होते, आम्हाला मातीशी नाते सांगणारे हवे होते, आणि नणंदेने पाळण्याशी वाकून कानात जे सांगितले त्यात दोन्ही इच्छा पूर्ण झाल्या. पण नाव आवडणे वेगळे आणि ते सरकारी कागदावर निर्दोष उतरवणे वेगळे. मृण्मयी हे नाव या दृष्टीने अवघड आहे, आणि म्हणूनच या कक्षाची खरी कसोटी त्यात लागली असे मला वाटते.

आधी देवनागरीतले लेखन. कित्येकांना वाटते की मराठी लेखनात चूक कशी होणार. प्रत्यक्षात ती सर्रास होते. मृण्मयी आणि मृन्मयी अशी दोन्ही रूपे छापलेली दिसतात, त्यामुळे घरात एकदा बसून यापैकी आपले कोणते, हे ठरवावे लागते. शेवटची वेलांटी दीर्घ आहे, तीही आवर्जून सांगावी लागते. ऋतुजाचे रुतुजा होते, ईश्वरीचे इश्वरी होते, शर्वरीतला रफार भलत्याच अक्षरावर जातो, आणि ज्ञानदासारख्या नावातले ज्ञ संगणकावर कसे टाइप करायचे हे न सुचल्यामुळे ‘द्न्य’ असे जोडाक्षर तयार होते. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत येतो. आधार किंवा पासपोर्टसाठी इंग्रजी ओळ पाहिली जाते, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात मराठी ओळ उतरवली जाते, म्हणून दोन्ही ओळींना सारखेच महत्त्व आहे.

इंग्रजी स्पेलिंगचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. मृण्मयीचे स्पेलिंग निदान चार-पाच तऱ्हांनी करता येते. ‘मृ’साठी एम-आर-यू घ्यायचे की एम-आर-आय, आणि ‘यी’साठी वाय-ई-ई घ्यायचे, वाय-आय घ्यायचे की नुसते वाय ठेवायचे, एवढ्या दोन प्रश्नांतूनच इतके पर्याय निघतात. मराठी माणूस ऋकाराचा उच्चार रु असा करतो, हिंदी बोलणारा रि असा करतो. म्हणून दिल्लीकडे हेच नाव एम-आर-आय असे लिहिले जाते. आम्ही यू घेतला, कारण मुलगी महाराष्ट्रात वाढणार आणि तिच्या नावाची हाक तिच्या घरात जशी मारली जाते तशीच ती कागदावरून वाचली जावी. ज्ञचेही असेच आहे: मराठीत डी-एन-वाय, हिंदीत जी-वाय, तर संस्कृताच्या अभ्यासात जे-एन. यातले कोणतेही चूक नाही. पण एका कुटुंबाने एकच घेतले पाहिजे, आणि घेतलेले कधीही बदलता कामा नये.

सई या गोड नावाचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. एस-ए-आय असे लिहिले की सई आणि साई यांच्यात काही फरकच उरत नाही. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या सईला लोक साई म्हणून हाक मारतात आणि ती मुलगा आहे की मुलगी हेही नावावरून कळत नाही. ज्यांनी एस-ए-वाय-ई-ई घेतले त्यांचा हा त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणून स्पेलिंग ठरवताना एक साधी चाचणी करावी: ज्याला मराठी येत नाही अशा ओळखीच्या माणसाला ते नुसते दाखवून मोठ्याने वाचायला सांगावे. आमच्या इमारतीतल्या एका तमिळ आजींनी आमचे निवडलेले स्पेलिंग पहिल्या फटक्यात जवळजवळ बरोबर वाचले, आणि आमचा निर्णय तिथेच पक्का झाला.

अंकशास्त्रावरून एखादे ए किंवा एच जास्तीचे घालण्याची पद्धत मात्र मला पूर्णपणे अमान्य आहे. त्यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्या भावना मी समजू शकते, पण त्या वाढीव अक्षराचा भार मुलीवर पडतो: बँकेत, परीक्षेच्या अर्जात, विमानाच्या तिकिटावर ते अक्षर दरवेळी समजावून सांगावे लागते, आणि एका ठिकाणी राहून गेले की दोन कागद जुळत नाहीत. आता शाळेतली नोंद आणि आधारवरचे नाव एकमेकांशी जुळवून पाहिले जाते, विद्यार्थ्याचा ‘अपार’ हा शैक्षणिक ओळख क्रमांकही त्यावरच तयार होतो. अशा काळात उच्चारात नसलेले अक्षर नावात घालू नये.

कक्षाचा अनुभव आता सांगते. कार्यालय जुने, बसायला बाके कमी, तान्ह्या बाळाला घेऊन आलेल्या आईला दूध पाजण्यासाठी आडोसा नाही. ही उणीव मी सर्वांत आधी नोंदवते, कारण या कक्षात बाळंतिणी येणार हे तर उघडच आहे. टोकनची व्यवस्था ठीक होती. फाटकाबाहेर अर्ज भरून देणाऱ्यांची टेबले होती, आणि तिथून भरून आणलेले दोन-तीन अर्ज माझ्यासमोर परत गेले, कारण त्यांनी नाव इंग्रजीत लिहिताना पालकांना विचारलेच नव्हते. अर्ज स्वतः भरावा, तो अवघड नाही.

खिडकीवरच्या लिपिक बाईंचे काम मात्र मनापासून वाखाणण्याजोगे होते. मी नाव सांगू लागताच त्या म्हणाल्या, ‘ताई, तोंडी सांगू नका. कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत लिहून द्या, आणि खाली सही करा. आम्ही ऐकून टाइप करत नाही.’ मी लिहून दिले. त्यांनी टाइप केले आणि पडदा आमच्याकडे वळवला. मराठी ओळीत ‘मृणमयी’ असे पूर्ण ण आणि म सुटे सुटे आले होते. मी ते दाखवल्यावर त्यांनी ण खोडून पुन्हा घातला, हलन्त टाकला, मग म. जोडाक्षर नीट उमटल्याशिवाय त्या पुढे गेल्या नाहीत. इंग्रजी ओळीतले एकेक अक्षर त्यांनी पेन्सिलीचे टोक पडद्यावर टेकवत मोठ्याने वाचले आणि दर अक्षरानंतर माझ्याकडे पाहिले. त्यानंतर साध्या कागदावर मसुदा छापून दिला व सांगितले, ‘बाहेर बाकावर बसून दोघांनी निवांत वाचा. घाई करू नका. एकदा सही झाली की मग माझ्या हातात काही नाही.’

हा मसुदा देण्याचा प्रघात या सेवेतली सर्वांत मोलाची बाब आहे. माझ्या माहितीतल्या सगळ्याच कार्यालयांत तो पाळला जात नाही, आणि जिथे पाळला जात नाही तिथे पालकांनी तो मागून घ्यावा. कारण चूक नंतर दुरुस्त करण्याची रीत कलम १५ मध्ये दिलेली असली, तरी त्या रीतीप्रमाणे मूळ नोंद खोडली जात नाही. दुरुस्ती नोंदवहीच्या समासात लिहिली जाते आणि तिच्याखाली निबंधकाची सही व तारीख येते. त्यासाठी पुरावे लागतात. बारा दिवसांच्या बाळाच्या स्पेलिंगचा पुरावा कोणता द्यायचा? तिच्या नावाचा दुसरा कागदच जगात नसतो. मोठेपणी नाव बदलायचे झाले तर राजपत्रात प्रसिद्धी देण्याचा मार्ग आहे, पण तो बदलाचा मार्ग आहे, आणि एका वेलांटीसाठी त्या वाटेला जावे लागणे कोणालाच परवडणारे नाही.

आता मधल्या नावाकडे वळते, कारण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात यावरच सर्वांत मोठा बदल झाला आहे. चौथ्या महिला धोरणाच्या पाठोपाठ राज्य मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव या क्रमाने शासकीय कागदपत्रांवर लिहावे. शाळेचे अभिलेख, परीक्षांची प्रमाणपत्रे, महसुली कागद यांनाही तो क्रम लागू केला. निर्णयापाठोपाठ मंत्रालयातल्या दालनांवरच्या पाट्या बदलल्या. एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे, देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस, अजित आशाताई अनंतराव पवार ही नावे तेव्हा सर्वांनी वाचली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुख्यमंत्रिपदाची शपथही याच पद्धतीच्या नावाने घेतली गेली.

मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. आईचे नाव आपल्या शाळांच्या कागदांवर आधीही असे, पण ते वेगळ्या रकान्यात, नावाच्या बाहेर. दहावीच्या गुणपत्रिकेवर उमेदवाराचे पूर्ण नाव एका ओळीत आणि आईचे नाव दुसऱ्या ओळीत ही रचना माझ्या पिढीने पाहिलेली आहे. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या स्त्रीचे नाव तिच्या लेकीच्या पूर्ण नावात असावे ही मागणी अवाजवी मुळीच नाही, आणि या भूमीला ती नवीनही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने जो लेख कोरवला, त्यात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी म्हणून येतो आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी म्हणून. त्या नावांमागे गोत्राचा संबंध आहे, हे खरे. तरीही राजाची ओळख आईकडून सांगण्यात कमीपणा वाटत नव्हता, एवढे त्या दगडावरून स्वच्छ दिसते.

निर्णय चांगला आहे, पण खिडकीवर तो राबवताना बरेच प्रश्न उभे राहतात. आमच्या कक्षात मिळालेला छापील अर्ज जुनाच होता. त्यात बालकाच्या नावासाठी एक आखूड रेघ होती, आणि चार पदांचे नाव त्या रेघेवर मावत नसल्यामुळे आम्हाला निम्मे नाव वरच्या कोऱ्या जागेत लिहावे लागले. भिंतीवरच्या फलकावर नावाच्या नव्या क्रमाचा उल्लेख नव्हता. रांगेतल्या अनेकांना आईचे नाव आता नावातच येते हे ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांना वडिलांचे नाव वगळायचे आहे असे वाटत होते. जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा मुलाचे नुसते पहिले नाव असे आणि आई-वडिलांची नावे खालच्या ओळींत येत. म्हणून मोठ्या भावंडाचा दाखला नमुना म्हणून घेऊन आलेल्यांची फारच ओढाताण झाली. एकाच घरात मोठ्या मुलाच्या नावात तीन पदे आणि धाकट्या मुलीच्या नावात चार, ही स्थिती हजारो कुटुंबांत आहे, आणि ती चूक नसून जन्मतारखेमुळे आलेली आहे हे कोणीतरी लोकांना लेखी सांगायला हवे.

आईचे कोणते नाव लिहायचे हा त्याहून नाजूक प्रश्न. माझ्या पुढे रांगेत एक तरुण आई होती. लग्नात तिचे पहिले नाव बदलले होते. आधारवर माहेरचे नाव, प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज कार्डावर सासरचे. लिपिक बाईंनी तिला तिथेच बाळाच्या नावात कोणतेही नाव घालू दिले नाही. ‘आधी तुमचे कागद एकसारखे करून घ्या, वर्षभर वेळ आहे, बाळाचे नाव कुठे जात नाही,’ असे त्यांनी तिला समजावले आणि एका चिठ्ठीवर काय काय लागेल ते लिहून दिले. दुसरे कोणी असते तर समोर आलेले पहिले नाव टाइप करून मोकळे झाले असते. ज्या घरांत सुनेचे नाव बदलण्याची पद्धत आहे त्यांनी याचा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते. आईचे नाव मुलीच्या नावाचा भाग झाल्यामुळे त्या बदललेल्या नावाची अडचण आता पुढच्या पिढीच्या कागदावरही उतरते.

आदरार्थी प्रत्ययांचेही तसेच. बाई, ताई, राव हे आपल्या तोंडात बसलेले असतात, आणि आजोबांच्या पिढीच्या कागदांवर ते नावाचाच भाग झालेले आहेत. नव्या दाखल्यावर आई-वडिलांची नावे त्यांच्या स्वतःच्या आधार आणि पॅन कार्डांवर जशी आहेत तशीच, त्याच स्पेलिंगने, राव किंवा ताई न जोडता यावीत. कार्डावर प्रत्यय असेल तर मात्र तो ठेवावा. माझ्या यजमानांच्या नावापुढे रुग्णालयाच्या कागदावर कोणीतरी आदराने राव लावले होते, ते आम्ही मसुद्यातच काढून घेतले.

विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र हा निर्णय जुन्या पद्धतीवरच थांबला आहे: तिचे नाव, मग पतीचे नाव, मग आडनाव. मालमत्तेच्या कागदावर लग्नाआधीचे नाव ठेवण्याची मोकळीक दिली आहे, ती स्वागतार्ह आहे. तरीही मृण्मयी मोठी होऊन लग्न करील तेव्हा तिच्या नावातून माझे नाव गळून पडावे अशी अपेक्षा कागदांनी धरू नये. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, हे मुलींना लहानपणीच सांगून ठेवावे. एकट्या आईच्या बाबतीतही एक गोष्ट सांगायलाच हवी: सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी दिलेल्या निर्णयानुसार अविवाहित किंवा एकल मातेने तिच्या पोटी जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यासाठी अर्ज केला तर अधिकाऱ्यांनी केवळ प्रतिज्ञापत्र घ्यायचे आहे. त्या खिडकीवर अशा आईला वडिलांचे नाव सर्वांसमोर विचारले जाऊ नये, आणि आमच्या कक्षात तसे विचारलेले मला दिसले नाही.

चार पदांच्या नावाचा परदेशी कागदांशी मेळ कसा बसतो, हा प्रश्न अमेरिकेत असलेल्या माझ्या भावाने उपस्थित केला आणि तो रास्त आहे. आपल्या पासपोर्टात आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असतात, मधल्या नावाला वेगळी जागा नाही. पॅनच्या अर्जात तीन रकाने असतात. अमेरिकेतल्या अर्जांत पहिले, मधले, शेवटचे अशी रचना असते आणि तिथली मराठी कुटुंबे मधल्या जागी वडिलांचे नाव घालत आली आहेत. पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतल्या पहिल्या ओळीत संपूर्ण नावासाठी ३९ जागा असतात. मुलीचे नाव नऊ अक्षरांचे, आईचे सात, वडिलांचे आठ आणि आडनाव दहा अक्षरांचे धरले, तर पदांमध्ये मोकळ्या जागेऐवजी येणारी ‘<’ ही भरचिन्हे (आडनावानंतर दोन, बाकी ठिकाणी एकेक) मिळून ३८ जागा लागतात. म्हणजे नाव मावते, पण जेमतेम. आडनाव लांबलचक असेल आणि आईचे व वडिलांचे नावही मोठे असेल, तर मुलीचे नाव निवडतानाच त्याचे स्पेलिंग आटोपशीर ठेवावे. आम्ही शेवटच्या ‘यी’साठी वाय-ई-ई घ्यावे की एक अक्षर वाचवून वाय-आय घ्यावे याचा विचार याच हिशेबाने केला, मावते आहे असे दिसल्यावर उच्चार नीट वाचला जाणारे वाय-ई-ई कायम केले.

दाखला वेळेत मिळाला. नोंदणी पूर्ण झाल्यावर सात दिवसांच्या आत पहिला दाखला विनामूल्य द्यावा अशी आता तरतूद आहे, आणि ती पाळली गेली. दाखल्यावर क्यूआर कोड आहे. तो मोबाइलने तपासून पाहावा आणि पडद्यावर दिसणारे नाव कागदावरच्या नावाशी अक्षरशः ताडून घ्यावे. त्यानंतर सुकन्या समृद्धी खाते आणि बाल आधार या दोन्ही ठिकाणी दाखल्याची प्रत दिली, तेव्हा आम्ही नाव कुठेही तोंडी सांगितले नाही; दाखला पुढे ठेवला आणि टाइप झालेले वाचून मगच सही केली. बँकेतल्या कर्मचाऱ्याने आईचे नाव गाळून तीनच पदे घेतली होती, कारण त्याच्या अर्जात तेवढेच रकाने होते. पहिल्या नावाच्या रकान्यात मुलीचे व मधल्या रकान्यात आई आणि वडील दोघांचे नाव घालून ते निभावले. प्रत्येक कार्यालयाने आपापल्या परीने असा मार्ग काढणे बरे नाही. राज्याने क्रम ठरवला, तर अर्जाचा नमुनाही सर्व खात्यांना एकच दिला पाहिजे, नाहीतर १ मे २०२४ नंतर जन्मलेली मुले दहावीला बसतील तेव्हा त्यांची नावे दहा ठिकाणी दहा तऱ्हांनी असतील.

खेड्यात हेच काम ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) होते आणि तिथे गर्दी कमी असल्यामुळे ते अधिक निवांतपणे करता येते, असे माझ्या बहिणीचे म्हणणे आहे. माहेरच्या गावी प्रसूती झालेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे नोंद असते, सासरच्या शहरात नाही.

सेवेविषयी माझे मत विचाराल तर खिडकीवरच्या कामासाठी पूर्ण गुण, अर्जाच्या नमुन्यासाठी आणि फलकासाठी निम्म्याहून कमी, बाळंतिणींच्या सोयीसाठी शून्य. आम्ही कक्षाला तीन सूचना लेखी दिल्या आहेत: छापील अर्जात चार पदांसाठी चार स्वतंत्र रकाने मराठीत आणि इंग्रजीत द्यावेत, नाव नोंदवायला १२ महिने मिळतात हे वाक्य मोठ्या अक्षरांत फलकावर लिहावे व त्याची प्रत प्रसूतिगृहांना पाठवावी, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीत पडदा लावून आयांना बसण्याची सोय करावी. अर्जाची पोच आम्हाला मिळाली असून तिसऱ्या सूचनेसाठी खोली मोजून गेल्याचे कक्षातून कळले आहे.